पाण्याचा हात

वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या वरच्या फळीवर, मिसळणाच्या डब्याला लागून, एक मातीची किटली असते. दोन तळव्यांत मावेल एवढी, जांभळट तपकिरी, वरून कसलीही झिलई नसलेली. सगळीकडून ती घोटून गुळगुळीत केलेली आहे, फक्त एका खांद्यावर तळहाताएवढा भाग खरखरीत आणि काळपट आहे. घरी येणारे पाहुणे हमखास तिथेच बोट ठेवतात. आई लगेच म्हणते, "अहो, ते जरा बिघडलंय." मी म्हणते, "बिघडलेलं नाही." मग आई डोळे मोठे करते आणि विषय तिथेच राहतो. तो तिथे राहिलेला मला आवडत नाही, म्हणून हे लिहिते आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. हे मी सहसा स्वतःहून बोलत नाही, कारण ते ऐकलं की लोक एकतर कौतुक करतात किंवा माझ्याशी जपून बोलायला लागतात, आणि दोन्ही वेळा तोंड कसं ठेवावं ते मला कळत नाही. बाबा आयटीआय झालेले वेल्डर. आधी एकटे वर्क परमिटवर इथे आले, शिपयार्डात हळूहळू फोरमन झाले, मग आई आणि मी आलो. मी युनिव्हर्सिटीत मटेरियल्स इंजिनिअरिंगला होते. २०१०च्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. दुसऱ्या वर्षी एक विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागायचा. यादीत बाकी बहुतेक कॉम्प्युटरचे आणि मॅनेजमेंटचे होते, आणि एक होता चिनी पद्धतीची मातीची किटली घडवण्याचा. मी तो घेतला. का, असं कुणी विचारलं असतं तर "वेळापत्रकात बसतो" असं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

वर्ग दर शनिवारी हौगांगमधल्या एका औद्योगिक इमारतीत भरायचा. खाली फर्निचरचं गोदाम, वर आम्ही. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्या चीनमध्ये, जिथे घरोघरी अशा किटल्या होतात त्या गावी राहून हे काम शिकल्या होत्या. सगळे त्यांना लाओशी म्हणायचे, म्हणजे शिक्षक. पहिल्याच दिवशी त्यांनी अट सांगितली. सत्राच्या शेवटी आमच्या विभागाच्या लॉबीत काचेच्या कपाटात किटल्या मांडल्या जाणार. मांडायच्या किटलीला पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त त्या विद्यार्थ्याचा हात लागलेला हवा, आणि तिची धार नीट पडायला हवी. कपाटात जागा नाही मिळाली तर गुण कापले जाणार.

ही किटली चाकावर होत नाही. मला ते ऐकून पहिल्यांदा हायसं वाटलं होतं, चाक नाही म्हणून. मातीचा गोळा लाकडी थापीने ठोकून ठोकून त्याची पट्टी करायची, पट्टी गुंडाळून नळकांडं करायचं, आणि मग डाव्या हाताची बोटं आत घालून बाहेरून हलक्या थापीने तिला पोट आणायचं. ठक ठक ठक, थोडं फिरवायचं, पुन्हा ठक ठक. नळकांडं हळूहळू आत झुकतं आणि खांदा तयार होतो. तोटी आणि कान वेगळे करून त्याच मातीच्या लगद्याने चिकटवायचे. शेवटी अर्धवट सुकलेली किटली म्हशीच्या शिंगाच्या पातळ पट्टीने घोटायची. घोटल्यावर मातीतली रवाळ वाळू आत बसते आणि अंगाला एक मंद चमक येते. झिलई नाही, रंग नाही, फक्त ही चमक. पुढे वर्षानुवर्षं चहा पीत ती वाढते.

पहिल्या तासाला पट्टी थापताना मी शेजारचं पाण्याचं भांडं ओढलं, बोटं बुडवली आणि मातीवरून हात फिरवला. मी हे केलं हे मलाही कळलं नाही. भाकरी थापताना आई पाण्याचा हात लावते, तसा माझा हात गेला. लाओशींनी भांडं उचलून दूर ठेवलं.

"नो वॉटर, गर्ल. यू मेकिंग प्राटा आह?"

प्राटा म्हणजे इथला पराठा. वर्ग हसला. मी म्हणाले, "नॉट प्राटा. भाकरी." म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, आणि मी समजावूनही सांगितलं नाही. लाओशींनी मग सांगितलं की पाणी लागलं की वरची बारीक माती धुऊन जाते आणि रवा उघडा पडतो. मग कितीही घोटा, चमक येत नाही. ही माती कोरडीच हाताळायची. पाण्याचं भांडं हत्यारं ओली करायला आहे.

मी मान हलवली. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. मला आठवत होते कराडजवळच्या गावातले आजोबा. चाकावरून उतरवलेल्या माठावर ते ओला तळवा असा फिरवायचे, की माठ जिवंत असावा आणि त्याला उकडत असावं.

आमचं घर कुंभाराचं. माठ, चुली, पणत्या, संक्रांतीची सुगडं. बाबा त्यातून उठून आयटीआयला गेले आणि नंतर कधी मातीला हात लावला नाही. सिंगापूरमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी लोकांत बाबा "कराडचे, मरीन इंडस्ट्रीतले" होते. लहानपणी आईने मला शिकवून ठेवलं होतं, आजोबा काय करायचे असं कुणी विचारलं तर शेती म्हणायचं. आमची शेती नव्हती.

मी कुठला विषय घेतला हे बाबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच धरून म्हणाले, "अजून बदलता येतो ना?"

"येतो. थोडे दिवस."

"मग बदल. कॉम्प्युटरचं काहीतरी घे."

"बाबा, एकच विषय आहे."

"एक असला म्हणून काय झालं? त्या मातीतनं बाहेर पडायला माझी उमर गेली. बदल."

आई म्हणाली, "भात घेऊ का अजून?" आमच्या घरात भांडण असं संपतं.

मुदत संपायच्या आठवड्यातच गणपती आले. दरवर्षी आम्ही बुओना व्हिस्टाला एका काकांच्या काँडोत दर्शनाला जायचो. काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, काकू पुण्याच्या, बोलायला गोड आणि हसायला मोकळ्या. त्या वर्षी त्यांनी पुण्याहून शाडूची मूर्ती विमानात मांडीवर घेऊन आणली होती. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगत होत्या. "कार्गोत टाकायला जीव नाही झाला हो. प्युअर शाडू आहे. बाल्कनीत बादलीतच विसर्जन करणार."

आरती झाली, मोदक झाले. हॉलमध्ये आयटीतली दोन जोडपी होती, एक अकाउंटंट होते. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं.

"काय मग, इंजिनिअर बाई? काय चाललंय कॉलेजात?"

मी सांगितलं. मातीची किटली घडवते आहे म्हणून.

"किटली?" काकू हसल्या. "अगं, इतकं शिकून सिंगापूरच्या युनिव्हर्सिटीत माती कालवतेस होय? ती तर आपल्याकडे कुंभारीणसुद्धा करते."

सगळे हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही. जसं हसायचं असतं तसं हसले. बाबाही हसले. मग ते म्हणाले, "छंद आहे हो तिचा. सोडतेय ती."

मी बाबांकडे पाहिलं. ते मोदकाच्या डिशकडे पाहत होते. मला खरं तर बोलताना अडखळायला होतं, मोठ्यांसमोर जास्तच. पण त्या क्षणी माझा आवाज सरळ निघाला.

"मी सोडत नाहीये," मी म्हणाले. "आणि काकू, आमचं घर कुंभाराचंच आहे. आजोबा माठ करायचे. तुमची मूर्तीपण कुणीतरी माती कालवूनच केली असेल ना?"

काकू म्हणाल्या, "अय्या, मी काही म्हटलं का गं?" काकांनी कुणाला तरी कॉफी हवी का विचारलं. अकाउंटंट आपल्या बायकोला म्हणाले, आपण निघू या. मोदक तेवढेच गोड होते, एसी तेवढाच थंड होता, पण हॉलमधलं सगळं थोडं सरकल्यासारखं झालं. मी सॉरी म्हटलं नाही. त्या घरातून निघताना पाया पडले, पण सॉरी म्हटलं नाही.

परतताना बिशानला एमआरटी बदलली. नंतर आई डुलक्या घेऊ लागली आणि बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "काय गरज होती?"

"तुम्ही मला विचारलं होतंत, सोडतेस का म्हणून?"

"मी बाप आहे. मला विचारायला लागतं?"

 दोन-तीन स्टेशनं गेली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "शाळेत मला मडक्या म्हणायचे. पोरं म्हणायची ते म्हणायची, मास्तरपण म्हणायचा. मडक्या, उभा राहा. इथे तुला कुणी काही म्हणू नये एवढंच बघत आलो मी."

"म्हणू देत मला," मी म्हणाले. "मी बघून घेईन."

"तोंड आलंय तुला."

"आलंय."

त्यांनी मान वळवली. विषय बदलायची मुदत त्या आठवड्यात संपली आणि त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. काकूंकडून पुढे बरेच महिने फोन आला नाही. आई म्हणायची, "झालं समाधान?" मी म्हणायचे, "हो." ते खोटं नव्हतं.

माझ्या पहिल्या किटल्या वाया गेल्या. एकीचं पोट फुटलं, एकीची तोटी सुकताना गळून पडली, एकीचं झाकण बसलंच नाही. लाओशी प्रत्येक वेळी ती किटली हातात घेऊन फिरवायच्या आणि शांतपणे चेपून मातीच्या डब्यात टाकायच्या. मला त्याचं दुःख व्हायचं, पण राग यायचा नाही. सत्र संपत आलं तेव्हा एक किटली जमली. तोटी, झाकणाची गुंडी आणि कान एका रेषेत. झाकण अलगद बसत होतं. आता फक्त घोटणं राहिलं होतं. लाओशी म्हणाल्या, घरी ने, घाई न करता रोज थोडी घोट, पुढच्या शनिवारी भट्टी लावू. मी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून बिस्किटाच्या डब्यातून वुडलँड्सला आणली. ट्रेनभर डबा मांडीवर होता. मला काकूंची आठवण आली आणि हसू आलं.

रोज कॉलेजातून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शिंगाच्या पट्टीने घोटत बसायचे. बाबा टीव्ही बघायचे. कधीकधी टीव्हीचा आवाज कमी असायचा.

शुक्रवारी सुट्टी होती. सकाळी आई आणि मी खालच्या मार्केटात भाजी आणायला गेलो. परत आलो तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. शेजारी वाटीत पाणी. डाव्या हातात माझी किटली, आणि उजवा ओला तळवा तिच्या खांद्यावरून फिरत होता. अगदी आजोबांसारखा. मी दारात पिशव्या घेऊन उभी राहिले. त्यांचे ते हात मी कधी पाहिलेच नव्हते. मला माहीत असलेले हात हातमोज्यांचे आणि भाजल्याच्या डागांचे होते.

मग मला कळलं काय होतंय ते.

"बाबा, पाणी नको!"

ते दचकले. "डबा उघडा राहिला होता. सुकत होतं ते. तडा गेला असता."

"हिला पाणी चालत नाही."

"माती आहे ना?" ते म्हणाले. "मातीला पाणी चालत नाही?"

मी किटली घेतली. खांद्यावर त्यांच्या तळव्याएवढा भाग मऊ आणि चिकट झाला होता, आणि तो वाळला तेव्हा वाळूचा रवा वर आला. आठवडाभराची चमक तिथून गेली होती. मी पट्टीने घोटून पाहिलं. नुसत्या रेघा उठल्या. बाबा वाटी हातात धरून उभे होते.

"परत घासून नाही होत?"

"नाही."

"मग नवीन कर," ते म्हणाले. वाटी खाली ठेवून म्हणाले, "मला वाटलं वाचवतोय."

मला खूप राग आला होता. त्यांच्यावर आला होता हे कबूल करते. सगळं आयुष्य माती नको म्हणत होते, आणि हात लावायला माझीच किटली सापडली. मी खोलीत जाऊन बसले. पण दुपारी ती किटली पुन्हा हातात घेतली तेव्हा अंगठा आपोआप त्या खरखरीत जागी गेला. बोटांच्या फटी कुठे होत्या तेही कळत होतं. मला ती चेपून डब्यात टाकायची नव्हती. कुणीही सांगितलं तरी नव्हती.

शनिवारी लाओशींनी ती उजेडात धरली.

"हू टच?"

"माय फादर."

"वाय?"

"ही इज अ पॉटर," मी म्हणाले. होते असं म्हणाले नाही.

"पॉटर, बट पुट वॉटर?"

"दुसऱ्या मातीचे कुंभार आहेत," मी इंग्रजीत सांगितलं. "तिथे पाण्यानेच काम होतं."

लाओशींनी किटली टेबलावर ठेवली. अंगाची चमक गेली, त्या म्हणाल्या. अजून वेळ आहे, भट्टी पुढच्या आठवड्यात पुन्हा लागेल, तुझा हात आता बसलाय, दुसरी पटकन होईल. मी म्हणाले, हीच भाजायची. त्या म्हणाल्या, अट काय होती? फक्त विद्यार्थ्याचा हात. ही कपाटात कशी ठेवणार? मी म्हणाले, तिथेच ठेवायची.

"कॅन नॉट, लाह. यू वॉन्ट टू लूज मार्क्स फॉर वन पाम?"

"येस."

माझे गुण माझ्यासाठी छोटी गोष्ट नव्हती. घरात पहिली शिकणारी म्हणजे प्रत्येक गुण घरच्यांच्या नजरेसमोर मिळवायचा असतो. पण मला त्या कपाटात स्वच्छ, एकाच हाताची, दुसरी किटली ठेवायची नव्हती. ती खोटी झाली असती असं नाही, पण माझी झाली नसती. हे मी लाओशींना एवढ्या शब्दांत सांगू शकले नाही. मी फक्त तिथून हलले नाही. बाकीचे आपापल्या किटल्या भट्टीपाशी ठेवून गेले तरी मी टेबलाशी उभी होते.

शेवटी त्या म्हणाल्या, ठीक, भाजते. विभागाशी बोलून कपाटात ठेवू देते. पण गुण कापणार, आणि लेबलवर खरं काय ते लिहायचं. सगळ्यांना दिसेल असं.

मला तेच हवं होतं. लेबलवर मी इंग्रजीत लिहिलं: घडवली विद्यार्थिनीने. खांद्यावरचा हात तिच्या वडिलांचा, कराडकडचे कुंभार.

किटल्या मांडल्या त्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. बाबा येणार नाही म्हणाले होते. आले. शिफ्ट संपवून, शर्ट बदलून, केस ओले करून विंचरून. कपाटासमोर उभं राहून त्यांनी लेबल वाचलं. इंग्रजी ते सावकाश वाचतात.

"हा शेवटचा शब्द काढता येईल?"

"नाही."

"आपलं कुणी येणार आहे का इथे?"

"येऊ देत की."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा, वयस्कर चिनी गृहस्थ, प्रत्येक किटली हातात घेऊन बघत आमच्यापाशी आले. कपाट तेव्हा उघडंच होतं, धार तपासायची होती म्हणून. त्यांनी माझ्या किटलीत पाणी भरलं आणि ओतलं. धार सरळ पडली. झाकणावरच्या भोकावर बोट ठेवलं, धार थांबली. बोट काढलं, पडली. ते मान डोलवत होते. मग अंगठा खांद्यावर थबकला.

"हूज हँड?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम गप्प राहिले.

"माय हँड," बाबा म्हणाले.

"यू मेक?"

"नो. शी मेक. आय स्पॉइल ओन्ली."

आजोबा इतके हसले की त्यांना किटली खाली ठेवावी लागली. बाबाही हसले. मग बाबांनी स्वतः किटली उचलली, भोकावर बोट ठेवलं, ओतली, बोट काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. मागे लोक थांबले होते तरी त्यांनी घाई केली नाही.

माझे गुण कापले गेले ते गेलेच. त्या सत्राचा निकाल अजून माझ्या मार्कशीटवर तसाच आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारलं तर मी कारण सांगते.

त्या किटलीत आम्ही कोरा चहा करतो, गवती चहा घालून. दूध बाबा आपल्या कपात वरून घेतात. अशा किटलीला साबण लावायचा नसतो, माती वास धरते. नुसतं गरम पाणी फिरवून पालथी घालायची. घोटलेल्या भागावर वर्षं गेली तशी चमक आली. खरखरीत जागा मात्र चहा पीत राहिली आणि इतर अंगापेक्षा काळी झाली. आता तळवा आधीपेक्षा स्पष्ट दिसतो.

बाबा चार लोकांत अजूनही स्वतःहून कुंभार म्हणत नाहीत. ते त्यांचं. मी म्हणते.

मध्यंतरी बुओना व्हिस्टाच्या काकू पुन्हा येऊ लागल्या. कुणी कुणाची माफी मागितली नाही, संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आल्या एवढंच. चहा झाल्यावर आईला मदत म्हणून कप विसळायला उठल्या आणि किटलीही उचलली. "अगंबाई, इथे केवढा डाग पडलाय. घासून देते मी, थांबा." आई म्हणाली, "अहो राहू द्या, ते जरा बिघडलंय." मी तोंड उघडणार होते.

"वहिनी," सोफ्यावरून बाबा म्हणाले. मोबाइलमधून वर पाहिलंही नाही त्यांनी. "तिला साबण लावू नका. माझा हात आहे तो."